रायफल करून घेतोयस? आधी नळी बघ आणि ती बसवणारा बघ

पत्र असं आलंय:

"काका नमस्कार, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, वाळपईजवळचा. सध्या न्यूझीलंडच्या साउथ आयलंडवर एका डेअरी फार्मवर कामाला आहे. शेजारचा शेतकरी हरणाच्या शिकारीला जातो, त्याच्याबरोबर जाऊन जाऊन मलाही नाद लागला. रीतसर फायरआर्म्स लायसन्स काढलंय आणि आता दुसऱ्याची रायफल मागून वापरण्यापेक्षा गनस्मिथकडून स्वतःची कस्टम रायफल करून घ्यायचीय. पण जितकी तोंडं तितके सल्ले. एक म्हणतो अ‍ॅक्शनवर पैसे घाल, दुसरा म्हणतो कार्बनचं बॅरल घे, तिसरा म्हणतो स्कोप चांगला तर सगळं चांगलं. एक गनस्मिथ तर पाव एमओएची गॅरंटी देतोय. बजेट बेताचं आहे. नेम पक्का लागायला सगळ्यात महत्त्वाचं काय? आणि अजून एक, आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक पडून आहे, आजोबा गेले. चवथीला आलो की तिची नळी बदलून ती चालती करता येईल का? रानडुकरांनी बागायतीत उच्छाद मांडलाय."

पुता, आधी आजोबांच्या बंदुकीचं बोलूया, कारण तुझी रायफल सहा महिने उशिरा झाली तरी काही बिघडत नाही, पण घरातलं ते प्रकरण तसं नाहीये. लायसन्स कोणाच्या नावावर आहे ते बाबांना आजच फोन करून विचार. आजोबांच्या नावावर असेल, ते गेले आणि पुढे कोणी काहीच केलं नसेल, तर ती बंदूक आज घरात बेकायदा आहे, मग ती चालती असो की गंजलेली. असे लोक मला फोंड्यात पण भेटतात, म्हणतात काका ती तर नुसती खुंटीवर टांगलेली असते. कायद्याला खुंटी कळत नाही. बाबांनी आजोबांचं लायसन्सचं पुस्तक आणि मृत्यूचा दाखला घेऊन पोलीस स्टेशनला जायचं, बंदूक जमा करून पावती घ्यायची आणि ठेवायची असेल तर वारस म्हणून लायसन्ससाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा. इलेक्शनच्या वेळी बंदुका जमा करायला लावतात ते तुला लहानपणापासून माहीत असेलच, तेच पोलीस स्टेशन, तीच पावती.

नळी बदलायचं मात्र डोक्यातून काढून टाक. १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे बंदूक बनवणं तर सोडच, तिच्यात बदल करणं, दुरुस्त करणं हे सुद्धा त्याचं वेगळं लायसन्स असलेल्यानेच करायचं, गावातल्या लोहाराने नाही, लेथवाल्या मित्रानेही नाही आणि तूही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे. रानडुकराचं म्हणशील तर सत्तरी काय नि काणकोण काय, सगळीकडे तेच रडगाणं आहे, केळीच्या मुळ्या उकरतात, माडाची रोपं उपटून टाकतात, बघून जीव जळतो हे मला पटतं. तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे शिकार बंद आहे आणि वन खात्याची परवानगी असल्याशिवाय बार काढलास तर जेलात तू जाशील, डुक्कर नाही. सौर कुंपण घाला, नुकसान झालं की फोटो काढून वन खात्याला आणि कृषी खात्याला लेखी कळवा. शिवाय काळ्या दारूने आतून खाल्लेली जुनी नळी कधी फाटेल याचा नेम नसतो, आणि ती फाटते ती आपल्या तोंडाजवळ.

आणि हो, तिथली रायफल इकडे आणायचा विचारही नको, ती तिकडेच राहू दे. तिकडे २०२३ पासून बंदुकांची रजिस्ट्री सुरू झालीये, तुझी रायफल तयार झाली की तिचा नंबर त्यात जायला हवा. गनस्मिथला हे माहीतच असतं, तरी तूही विसरू नकोस.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नावर येऊ. मी फौजेत आर्मरर होतो, माझं आयुष्य रायफली खोलण्यात गेलं, तर माझं उत्तर सरळ आहे: सगळ्यात महत्त्वाची नळी, आणि नळीइतकाच महत्त्वाचा ती नळी अ‍ॅक्शनला बसवणारा आणि अ‍ॅक्शन दस्त्यात बसवणारा माणूस. अ‍ॅक्शन म्हणजे रायफलीचा मधला पोलादी भाग, ज्यात बोल्ट, म्हणजे मागून नळी बंद करणारा दांडा, मागेपुढे होतो. बाकी सगळं यांच्यामागून. पण हे सांगायच्या आधी तुला नेम म्हणजे नक्की काय पाहिजे ते बघायला हवं, कारण त्या पाव एमओएवाल्याने तुझं डोकं फिरवलंय असं दिसतंय.

एमओए हे गोळ्या किती पसरतात ते सांगणारं कोनाचं माप, एक एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण २९ मिलिमीटर. म्हणजे तुझी रायफल एक एमओएची असली तर २५० मीटरवर सगळ्या गोळ्या सात-साडेसात सेंटीमीटरच्या आत पडणार. रेड डियरच्या छातीतली काळीज-फुप्फुसाची जागा २० सेंटीमीटरच्या आसपास धर, मग आता तूच हिशोब कर की पाव एमओएने तुला काय जास्तीचं मिळणार. तुझा श्वास, डोंगर चढून धपापलेली छाती, वारा, अंदाजाने धरलेलं अंतर, यांची चूक रायफलीच्या चुकीच्या कितीतरी पट असते. आणि ती गॅरंटी कशाच्या जोरावर देतात ते पण बघ. तीन गोळ्या मारायच्या, सगळ्यात छोटा ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, कापून घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला दाखवायचा. गणिताने बघितलं तर एकाच रायफलीच्या तीन-तीन गोळ्यांच्या ग्रुपची सरासरी एक इंच आली तर त्याच रायफलीच्या दहा-दहा गोळ्यांच्या ग्रुपची सरासरी दीड इंचाच्या वर येते, रायफल तीच, गोळी तीच, माणूस तोच. म्हणून त्याला विचार, दहा गोळ्यांची गॅरंटी देतोस का? गप्प बसला तर उत्तर मिळालं.

शिकाऱ्याला खरं काय लागतं, तर सकाळी थंड नळीतून निघालेली पहिली गोळी आज जिथे पडली तिथेच पुढच्या महिन्यात पडली पाहिजे, पावसात भिजून आल्यावर, गाडीत आदळआपट झाल्यावर, उन्हात तापल्यावर सुद्धा. हरीण तुला दहा गोळ्या मारू देत नाही. टार्गेटवर सुरेख दिसणाऱ्या पण पहिली गोळी भलतीकडे टाकणाऱ्या रायफली असतात, त्या रेंजवर ठीक, रानात काय उपयोगाच्या? सगळं तंत्र एवढ्याचसाठी की प्रत्येक बाराला सगळे भाग पुन्हा तिथल्या तिथे यावेत. हे डोक्यात ठेवलंस की कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही ते आपोआप कळतं.

नळीचं बघ. गोळी आतून जाताना पिळाच्या खाचांमध्ये घुसते आणि फिरत पुढे जाते. ही खाच पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारख्या मापाची पाहिजे, कुठे ढिली कुठे घट्ट असेल तर गोळी आत जाताना बिघडते आणि बाहेर पडताना तिचं बिघडलेपण तुला टार्गेटवर दिसतं. पीळ पाडायच्या मुख्य तीन पद्धती. एकात छोटं कटर प्रत्येक फेरीला जवळजवळ काहीच नाही इतकं खरवडत जातं, याला कट रायफलिंग म्हणतात, क्रिगर, बार्टलाइन या अमेरिकन कंपन्या असं करतात. दुसऱ्यात कार्बाइडचं बटण नळीतून ओढून पीळ दाबून उमटवतात, शिलेन, लिल्या, हार्ट हे त्यातले. तिसरी हॅमर फोर्जिंग, मँड्रेलवर, म्हणजे पिळाचा उलटा साचा असलेल्या दांड्यावर, नळी बाहेरून ठोकून ठोकून आतला पीळ उठवायचा, टिक्का आणि साकोच्या फॅक्टरी रायफली अशा. कुठली पद्धत भारी यावर लोक रात्र रात्र भांडतात, तू त्यात पडू नकोस, तिन्हीतून उत्तम नळ्या निघतात आणि तिन्हीतून भंगारही. खरं बघायचं ते हे की पोलादातला आतला ताण नीट काढलाय की नाही. बटणाने किंवा ठोकून पीळ पाडताना पोलादात ताण भरतो, तो भट्टीत घालून काढावा लागतो. नाही काढला तर नळी तापली की एका बाजूला वळते आणि तुझ्या गोळ्या टार्गेटवर एका रांगेत सरकत जातात. म्हणूनच ताण काढल्यानंतर बाहेरून उगाच फ्लूट (उभ्या खोबणी) बिट पाडून घेऊ नकोस, दिसायला छान, पण जिथे पोलाद कापलं तिथे ताणाचा हिशोब पुन्हा बदलतो. नळीवाल्या कंपनीने स्वतःच्या कारखान्यात पाडले असतील तर गोष्ट वेगळी.

पीळ किती पाहिजे हे बरेच लोक विचारतच नाहीत आणि मग वर्षभर गोळ्या बदलत बसतात. १८७९ साली ग्रीनहिल नावाच्या इंग्रज गणितज्ञाने एक ढोबळ सूत्र दिलं, गोळीच्या व्यासाचा वर्ग करून त्याला १५० ने गुणायचं आणि गोळीच्या लांबीने भागायचं, सगळं इंचात. .३०८ ची, म्हणजे .३०८ इंच व्यासाची, गोळी १.२ इंच लांब असली तर उत्तर येतं १२ इंचाच्या जरासं खाली, म्हणजे १२ इंचात एक वेढा. पण हे सूत्र शिशाच्या गोळीचं. तू जर मांसात शिसं नको म्हणून नुसत्या तांब्याच्या गोळ्या वापरणार असशील, आणि आजकाल बरेच शिकारी तसंच करतात, तर तांबं शिशापेक्षा हलकं असल्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि लांब गोळीला जास्त वेगाने फिरवावं लागतं. म्हणून .३०८ घेतलीस तर १० इंचाला एक वेढा मागून घे, ६.५ क्रीडमूर घेतलीस तर ८ इंचाला एक. म्हणजे आधी गोळी ठरव, मग पीळ, मग नळी. उलटं केलंस की फसलास.

कॅलिबर कुठलं यावर मी फार बोलणार नाही, .३०८ (१९५२ ची), ७ एमएम-०८ (१९८० ची), ६.५ क्रीडमूर (२००७ ची), तिन्ही चालतील, तुझ्या गावच्या छोट्या दुकानात ज्याची काडतुसं बाराही महिने मिळतात ते घे. मॅग्नमच्या, म्हणजे जास्त दारूच्या जोरदार काडतुसांच्या, नादी लागू नकोस, खांद्याला दणका बसला की माणूस नकळत डोळे मिटायला लागतो आणि मग जगातली सगळ्यात भारी नळी पण काही करू शकत नाही.

आता चेंबरिंग, माझ्या मते अर्धी रायफल इथेच चांगली किंवा वाईट होते. कंपनीकडून येते ती नुसती नळी, मागचा काडतूस बसायचा खण गनस्मिथ लेथवर कापतो. ज्याने लेथ बघितलंय त्याला कळेल. नळी बाहेरून गोल असते पण आतलं भोक बाहेरच्या गोलाशी शंभर टक्के सेंटरला नसतंच, ड्रिल लांब जाताना थोडं तरी वाहवतं. आळशी मिस्त्री नळी तीन जबड्यांच्या चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरतो, बाहेरच्या गोलावर भरवसा ठेवतो आणि रीमर, म्हणजे तो खण कापायचं हत्यार, घालतो. चांगला मिस्त्री चार जबड्यांच्या चकमध्ये धरतो, मागच्या टोकालाही चार बोल्टनी आधार देतो, आणि डायल इंडिकेटरचा, म्हणजे बारीक फरक घड्याळासारख्या तबकडीवर दाखवणाऱ्या मापाचा, लांब काटा नळीच्या आत घालून सरळ पिळावरच टेकवतो. मग हाताने चक फिरवत राहायचं, काटा हलला की एक जबडा किंचित सैल, समोरचा किंचित घट्ट, पुन्हा फिरवायचं. काटा जवळजवळ मेल्यासारखा होईपर्यंत. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, या कामात अर्ध्या थाऊच्या आत आणल्याशिवाय चांगला माणूस रीमरला हातच लावत नाही. मग रीमर थोडासा आत, बाहेर काढून चुरा पुसायचा, तेल लावायचं, पुन्हा थोडासा आत. चुरा आत राहिला तर चेंबरला ओरखडा पडतो. घाईचं काम नाहीये हे, आणि तुझ्या गनस्मिथच्या वर्कशॉपमध्ये जाऊन फक्त एवढंच विचार की नळी सेंटरला कशी लावता, तो ज्या पद्धतीने सांगेल त्यावरून तुला कळेल. ज्याला काम येतं तो या प्रश्नावर खूश होऊन अर्धा तास बोलतो.

शेवटी हेडस्पेस, म्हणजे काडतूस आत गेल्यावर त्याला मागेपुढे किती जागा मिळते ते. .३०८ ला "गो" गेज १.६३० इंचाचा आणि "नो-गो" १.६३४ चा, बोल्ट पहिल्यावर बंद झाला पाहिजे आणि दुसऱ्यावर होता कामा नये. म्हणजे सगळा खेळ चार थाऊंचा. हा नुसता नेमाचा प्रश्न नाहीये, जागा जास्त झाली तर काडतुसाचं पितळ फाटू शकतं आणि गॅस तोंडावर येतो, म्हणून हे काम यूट्यूब बघून घरी करायचं नाही.

नळीचं पुढचं तोंड, ज्याला क्राउन म्हणतात, ते पण तेवढंच जपायचं. गोळी बाहेर पडताना तिच्या मागचा गॅस चारी बाजूंनी एकदम सुटला पाहिजे, तोंडाला एका बाजूला चीर असेल तर तिथून आधी सुटतो आणि गोळीच्या शेपटीला धक्का देतो. दगडावर आपटून तोंड खराब झालेल्या रायफली लोक नळी गेली म्हणून फेकायला काढतात आणि खरं तर लेथवर थोडंसं कापून नवीन तोंड केलं की त्या पुन्हा ठिकाणावर येतात. तुझ्याकडे सायलेन्सर कायदेशीर आहे आणि सगळे लावतात, तर तोंडाचे आटे पण भोकाशीच सेंटरला कापलेले पाहिजेत, बाहेरच्या गोलाशी नाही. वाकडे आटे म्हणजे गोळी सायलेन्सरच्या आतल्या पडद्याला घासून जाणार. आणि सायलेन्सर लावला की गोळी पडायची जागा बदलते, तेव्हा लावून झिरो करायचं, म्हणजे स्कोपचा नेम जुळवायचा, आणि लावूनच मारायचं. सायलेन्सरची लांबी वाढणार म्हणून नळी २० इंचांवर आणलीस तरी चालेल, इंचामागे २० ते ३० फूट प्रति सेकंद वेग जातो, हरणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

कार्बनचं बॅरल? आत पोलादाचीच पातळ नळी असते, वरून कार्बन फायबर गुंडाळलेलं. गोळी जाते ती पोलादातूनच, त्यामुळे आतली नळी आणि चेंबर जसं असेल तसाच नेम. फायदा एकच, जाड नळीचा ताठपणा कमी वजनात मिळतो. ज्याच्याकडे पैसे आहेत आणि रोज १५०० मीटर चढायचंय त्याने जरूर घ्यावं. तुझं बजेट बेताचं, तू मध्यम जाडीची पोलादी नळी घे आणि वाचलेल्या पैशाची काडतुसं.

अ‍ॅक्शनबद्दल लोक उगाच जास्त बोलतात असं माझं मत आहे. महागडी कस्टम अ‍ॅक्शन सुंदर असते, बोल्ट लोण्यासारखा चालतो, पण टिक्का, होवा किंवा रेमिंग्टन ७०० ची साधी अ‍ॅक्शन घेऊन गनस्मिथने तिचं तोंड भोकाच्या रेषेला काटकोनात करून दिलं, बोल्टचे दोन्ही लग, म्हणजे बोल्ट अडकवून धरणारे दात, सारखे टेकतात की नाही ते तपासलं, की शिकारीसाठी भरपूर झालं. एकच लग टेकत असेल तर बाराच्या वेळी बोल्ट एका बाजूला लवतो, म्हणून ते बघायचं. बोल्टला रंग लावून मागेपुढे करून रंग कुठे पुसला जातो ते बघतात, तू उभा राहून दाखवायला सांग.

दस्ता आणि बेडिंग, इथे पुन्हा थांबूया. जुन्या .३०३ च्या लाकडी दस्त्याची गोष्ट आर्मरर लोकांना तोंडपाठ असते, तिथे पुढचं लाकूड नळीला खालून ठरावीक दाब देतं आणि तो दाब बिघडला की रायफल बिघडली. पावसाळा आला की लाकूड ओल पितं. आपल्या घरचं मागचं दार जुलैत लागत नाही ना, अगदी तसंच, फक्त इथे दार लागत नाही याऐवजी गोळी लागत नाही. आणि तू जिथे आहेस तिथला पश्चिम किनारा म्हणजे पावसात गोव्याला लाजवणारा, आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, मिलफर्ड साउंडला ६००० च्या वर. म्हणून अक्रोडाच्या लाकडाचा देखणा दस्ता कितीही आवडला तरी मन घट्ट कर आणि फायबरग्लासचा नाहीतर लॅमिनेटचा घे.

दस्ता कुठलाही घे, बेडिंग करून घे. आधी दस्त्यात स्क्रूच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचे पिलर बसवायचे, म्हणजे स्क्रू घट्ट करताना दस्ता चेपला जात नाही, मग अ‍ॅक्शनच्या खाली एपॉक्सी घालून अ‍ॅक्शन त्यात अलगद बसवायची. अलगद हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, स्क्रू आवळून बसवली तर अ‍ॅक्शन वाकलेल्या स्थितीतच एपॉक्सी सुकतो आणि ते वाकलेपण कायमचं होऊन बसतं. रीकॉइल लगच्या (बाराचा धक्का दस्त्यात उतरवणाऱ्या खालच्या उंचवट्याच्या) पुढे, बाजूला आणि खाली टेप लावायची म्हणजे तिथे किंचित जागा राहते आणि लग फक्त मागच्या बाजूने टेकतो. सुकल्यावर अ‍ॅक्शन काढली की चांगल्या बेडिंगमध्ये अ‍ॅक्शनच्या पोटावरचं प्रत्येक खरवडलेलं निशाण उलटं उमटलेलं दिसतं. तपासायचं कसं? डायल इंडिकेटर नळीला बांधायचा, काटा दस्त्याच्या पुढच्या भागावर टेकवायचा आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करायचा. काटा दोन थाऊच्या आत राहिला तर पास, पाच-सहा थाऊ उडाला तर दस्ता अ‍ॅक्शनला पिळतोय, परत कर म्हणायचं. रायफल ताब्यात घेताना ही टेस्ट डोळ्यासमोर करून घे, दोन मिनिटांचं काम आहे. पुढची नळी दस्त्याला कुठेच टेकता कामा नये, नोट दुमडून नळी आणि दस्त्यातून सरकवून बघ, तुमच्याकडच्या प्लास्टिकच्या नोटा तर या कामाला आपल्या कागदाच्या नोटांपेक्षा बऱ्या.

चाप अडीच-तीन पौंडांचा, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास, स्वच्छ सुटणारा. त्याहून हलका शिकारीत नको, गारठलेल्या बोटांना आणि हातमोज्यांना अंदाज राहत नाही.

स्कोपचं तुझ्या मित्राने सांगितलेलं अर्धं खरं आहे. स्कोप महाग असण्यापेक्षा तो घट्ट बसलेला असणं महत्त्वाचं. रायफल अचानक भरकटायला लागली की लोक नळीला शिव्या देतात आणि नव्वद टक्के वेळा, हा माझा अंदाज हं, माउंटचे, म्हणजे स्कोप धरणाऱ्या बेस आणि रिंगांचे, स्क्रू सैल निघतात. टॉर्क रेंच घे, रिंगांना साधारण २ न्यूटन-मीटर लागतं, पण स्कोपवाल्या कंपनीने दिलेला आकडा शेवटचा. बेस बसवताना स्क्रूंवरचं तेल पुसून थोडं थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद. अ‍ॅक्शनच्या स्क्रूंचा आकडा गनस्मिथकडून कागदावर लिहून घे आणि दर वेळी तोच ठेव.

वजनाचा मोह आवर. डोंगरात हलकी रायफल खांद्याला बरी वाटते पण मारताना ती तुझ्या नाडीच्या ठोक्यावर नाचते. स्कोपसकट साडेतीन-चार किलो मला बरी वाटते. दस्त्याची लांबी तुझ्या हाताला बसणारी पाहिजे, आणि ती तिथल्या थंडीतलं जाड जाकीट घालूनच मापून घे, टी-शर्टवर नको. तू आपल्या उंचीचा, तिकडचे दस्ते सहा फुटी माणसाच्या मापाचे, अर्धा इंच कापायला लागला तर लाजू नकोस. पुढे कधी थार नावाच्या रानबकऱ्याच्या मागे जाशील तेव्हा हे सगळं आठवेल. गंमत बघ, हा हिमालयातला प्राणी आपल्याकडे कायद्याने संरक्षित, आणि तिकडे १९०४ साली माउंट कुकजवळ सोडला तो इतका वाढला की आता सरकारच त्याला कमी करा म्हणतंय.

रायफल हातात आली की तीन-चार प्रकारची काडतुसं एकेक डबा आण, प्रत्येक नळीची आवड वेगळी असते आणि महाग ते तिला आवडेलच असं नाही. जे आवडेल त्याच्या एकाच लॉटचे डबे उचलून ठेव. नळी साफ केल्यावर आत तेल राहिलं तर पहिली गोळी दुसरीकडे जाते, म्हणून निघायच्या आधी कोरडा कपडा फिरवायचा. आणि रेंजवर गेलास की बाकड्यावर बसून वीस गोळ्या उडवण्यापेक्षा थंड नळीतून एक गोळी मार, वहीत नोंद कर, रायफल ठेवून दे, पुढच्या खेपेला पुन्हा एक. त्या सगळ्या पहिल्या गोळ्या एकाच कागदावर काढल्यास की तुझी रायफल किती एमओएची ते गनस्मिथपेक्षा तुला जास्त कळेल.

गनस्मिथकडून अंदाजपत्रक घेताना नळी, चेंबरिंग, अ‍ॅक्शनचं काम, बेडिंग, आटे यांचे पैसे वेगवेगळे लिहून माग. सगळ्याचा मिळून एकच आकडा सांगत असेल तर बेडिंग त्यात आहे का ते विचार, बऱ्याचदा तेच गाळलेलं असतं. कागद आला की मला फोटो पाठव, मग कुठे काय कापायचं ते बघू, पण चेंबरिंगचे पैसे कापायला सांगणार नाही हे आधीच सांगून ठेवतो.